अक्का, तुमच्या नावाचं पत्रक

अक्का,

तुम्ही जाऊन चौदा दिवस झाले. या चौदा दिवसांत लोकांनी मला सगळ्यात जास्त काय विचारलं असेल, तर "एक्स-रेमुळंच झालं ना त्यांना?" स्मशानातून परतताना रिक्षावाल्यानं विचारलं. दहाव्याला आलेल्या बायांनी विचारलं. आपल्या गटातल्या तिघांनी विचारलं, आणि त्यांच्या विचारण्यात मला दुःखापेक्षा आशाच जास्त दिसली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तुम्हाला गोड लिहिलेलं कधी आवडलं नाही.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते औरंगपुऱ्यात. चौकात टेबल मांडून आम्ही पत्रकं वाटत होतो. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन भट्टीतून काढलं तरी थंड होत नाही, वर्षानुवर्षं तापत राहतं. आधी पाण्याच्या खोल टाक्यांत ठेवतात, मग जाड भिंतींच्या पोलादी पात्रात घालून दुसरीकडे नेतात. नेतात म्हणजे कुणाच्या तरी गावावरून नेतात. येणारा-जाणारा विचारायचा, "आपल्याकडं कुठंय अणुभट्टी?" आणि मी म्हणायचे, "भट्टी नाही, रस्ता आहे." या वाक्यावर मी फार खूश होते. शहर चारी बाजूंनी फुगत होतं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी आणि रस्ते मात्र सहा-सहा पदरी, त्यामुळे ते वाक्य चालायचंसुद्धा.

तुम्ही पत्रक घेतलंत, चष्मा चढवलात, उन्हात उभ्यानं शेवटपर्यंत वाचलंत. तोवर शेवटपर्यंत कुणी वाचलं नव्हतं. मग म्हणालात, "इथं लिवलंय एक्स-रेपेक्षा लाखपट. कंच्या एक्स-रेपेक्षा? छातीच्या का कमरेच्या?"

मी म्हटलं, "मावशी, ते उदाहरण म्हणून आहे."

"उदाहरन बी खरं लागतं. कमरेच्या फोटूला छातीपेक्षा कितीतरी जास्त लागतं. मी तीस वर्षं काढलेत."

आमच्या गटातला महेश माझ्या कानात म्हणाला, "सरकारी माणूस दिसतोय, सोडून दे." तुम्ही ते ऐकलंत. "माणूस नाय, बाई," म्हणालात, "आन आता रिटायर हाय."

मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली मुलगी, तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढून निवृत्त झालेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही, आम्ही पत्रकं छापून घ्यायचो त्या छापखान्यात आलात, कागदाच्या गठ्ठ्यावर बसलात आणि माझ्या नव्या पत्रकाच्या समासात पेन्सिलनं खुणा करायला लागलात. प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर. पाहिलं असेल तर प. ऐकलं असेल तर ऐ. नुसतंच वाटलं असेल तर वा. पहिल्या पानावर अठरा वाक्यं होती आणि त्यांतली अकरा वा. "ही अकरा काढ," म्हणालात. मी म्हटलं, "मग पत्रकात राहिलं काय?" तुम्ही म्हणालात, "पत्रक राहिलं. बाकी भाषन हुतं."

मला तुमचा राग यायचा, अक्का. तुम्हाला ते माहीत होतं आणि तुम्हाला त्याची मजाही वाटायची. "काय पत्रकवाली, आज कुनाला घाबरवायचंय?" असं म्हणूनच आत यायचात.

पण एकदा तुम्ही बॅजची गोष्ट सांगितलीत. एक्स-रे विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बॅज असतो. त्याला किती किरण लागले ते त्यात साठतं. दर तीन महिन्यांनी सगळे बॅज बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जातात आणि तिकडून प्रत्येकाच्या नावानं कागद येतो. तुमच्याबरोबरचा एकजण सुट्टीवर जाताना ॲप्रन मशीनच्या खोलीतच टांगून गेला, बॅज ॲप्रनला तसाच. माणूस गावी लग्नात जेवतोय आणि बॅज इकडं किरण खातोय. कागद आला तो भलताच आकडा घेऊन. मग पत्र आलं, चौकशी आली, त्याला रक्त तपासायला पाठवलं, सगळ्यांचे जबाब झाले.

मी हसले होते. म्हटलं, "केवढा मूर्खपणा."

"त्याचा मूर्खपना हायेच," तुम्ही म्हणालात. "पर मी त्या दिवशी पयल्यांदा निवांत झोपले. म्हनलं, कुनीतरी वाचतंय. चुकीच्या आकड्याला बी मानूस इतक्या लांबून धावत येतो, म्हंजे खऱ्याला येईलच की."

आपल्या मागण्या तिथून सुरू झाल्या. त्याआधी माझी मागणी एकच होती: बंद करा. काय बंद करा, कुठून जाणारं बंद करा, ते जातं की नाही, यातलं मला काही माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात, गाडी कधी जाणार ते त्यांनी सांगू नये, चोर-दरोडेखोर काय कमी आहेत. वाटही हवी तर गुप्त ठेवू दे. पण गाडी उलटली तर गावानं काय करायचं, कुणाला फोन करायचा, वारा कुठल्या अंगाला असला तर कुठं सरकायचं, हे गुप्त ठेवून कुणाचं भलं होतं? आणि पात्र जिथं साठवतात तिथलं मोजमाप जो साठवतो तोच करणार का? दवाखान्याचा बॅज दवाखाना वाचत नाही. आणि तिसरं, तो आलेला कागद गावाच्या माणसाला बघायला मिळाला पाहिजे. तीन मागण्या. तिन्ही मिळून अर्ध्या पानात बसत होत्या. मला ते पान फार बारीक, फार मवाळ वाटायचं.

म्हणून मी विहिरीचं पत्रक काढलं. त्याचं लिहिलंच पाहिजे.

त्या वर्षी पाऊस नव्हताच. वैजापूरकडं तुमच्या माहेरच्या गावात हायवेच्या कडेची एक विहीर तेवढी ओली होती. माणसं तिथंच, मेंढरंही तिथंच, टँकर आला तर आला. त्या विहिरीजवळ एक लांबलचक ट्रेलर येऊन उभा राहिला, दोन दिवस झाले तरी हलेना. चाकं मोजता मोजता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल इतकी. वर ताडपत्री, पुढं एक जीप, दोन माणसं राखणीला. मी मोटरसायकलवरून गेले, रस्त्यापलीकडून फोटो काढले आणि परत आले. तुम्ही म्हणालात, "थांब, मी बघून येते." मी थांबले नाही. पत्रकात लिहिलं की पात्रातून अणुकचरा नेला जात असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तुम्ही नंतर म्हणालात, शक्यता शहरातून निघते आणि गावात पोचेपर्यंत तिची खात्री होते.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर कुणी गेलं नाही. मेंढरंवाल्यांनी वेळेआधीच बिऱ्हाडं हलवली. बायका शेजारच्या गावाच्या विहिरीवर जायला लागल्या, दगडधोंड्यांतून. तिसऱ्या दिवशी तुमची भावजय हंड्यासकट पडली आणि तिचं माकडहाड मोडलं.

तुम्ही एसटीनं गेलात. गावाआधी ट्रेलरवाल्याकडे गेलात. मीही तुमच्या मागं होते, तोंड लपवत. तुम्ही ड्रायव्हरला सरळ विचारलंत, "दादा, काय हाय रं गाडीत?"

तो पंक्चरवाल्याच्या बाजेवर पडून होता. म्हणाला, "मशीन है अम्मा. प्रेस की. शेंद्रे की कंपनी में जाना है. एक्सल टूटेला है, पार्ट आया नै अब तक." आणि केबिनमधून कागद काढून तुमच्या हातात दिला. तुम्ही कागद वाचून मला दिलात. मग तो माझ्याकडे बघत म्हणाला, "ये बाई फोटू निकाल रई थी उस दिन. पूछी च नै. पूछती तो बता देता."

विचारलंच नाही. रस्त्यावरून काय जातं हे विचारायचा लोकांना अधिकार आहे, म्हणून मी दोन वर्षं घसा कोरडा करत होते, आणि ड्रायव्हर वीस पावलांवर असताना मी त्याला विचारलं नव्हतं. मला उत्तर नकोच होतं, अक्का. मला पत्रक हवं होतं.

मग तुम्ही विहिरीवर गेलात, पोहरा सोडलात आणि सगळ्यांसमोर पाणी प्यालात. तरी कुणी पुढं आलं नाही. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "तुजं काय जातंय, तुझी तर दवाखान्यात सवयच झालेली." सगळे हसले. तुम्हीही हसलात. आठ दिवस तुम्ही तिथं राहिलात, रोज त्याच पाण्याचा चहा करून प्यायचात आणि येणाऱ्याला विचारायचात, "घेता का?" नवव्या दिवशी एक बाई घागर घेऊन आली. घागर भरून झाल्यावर तुम्हाला म्हणाली, "तुज्यासाठी नाय आले. पाय दुखायला लागले."

परत आलात तेव्हा तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. मी दोन दिवस वाट पाहिली आणि शेवटी मीच भांडले. म्हटलं, माणूस घाबरल्याशिवाय हलत नाही. तुम्ही म्हणालात, घाबरलेला माणूस हलतो खरा, पण पाणी सोडून पळतो, प्रश्न विचारायला थांबत नाही. मी म्हटलं, "तुमचा बॅज वाचणारा कुणीतरी होता म्हणून तुम्ही शांत बसू शकलात. आमचा वाचणारा कुणी नाही. म्हणून मी ओरडते." यावर तुम्ही पातं काढलंत. पेन्सिलीला टोक करत बसलात. मला अजूनही वाटतं की त्या वाक्यात माझं चुकलं नव्हतं. तुम्ही उत्तर द्यायला हवं होतं. आता ते भांडण तसंच राहिलं.

पुढचं तुमच्या माघारी कळलं, तेही तुमच्या भावजयीकडून. दहाव्याचं आटपून मी निघाले होते. ती भिंतीला टेकून बसली होती, अजून तिला नीट बसता येत नाही. मी म्हटलं, "काकू, पाच महिने आजार होता, मला कुणी सांगितलं का नाही? मी दर आठवड्याला येत होते. त्या म्हणायच्या, अंगात कसकस हाय."

तिनं जरा इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाली, "तिनंच सांगितलेलं पोरी. त्या पोरीला कॅन्सरचं सांगू नका म्हनली. पत्रक काढंल."

मी चपला घातल्या आणि निघाले. बसस्टँडपर्यंत चालत आले. रडू वगैरे आलं नाही. राग आला. पाच महिने तुम्ही माझ्यासमोर बसून अर्जाचा मसुदा तपासत होतात, मला शेंगा सोलून देत होतात, आणि आत एवढं मोठं काही चाललं होतं आणि ते माझ्यापासून जपत होतात. डॉक्टरला माहीत होतं, भावजयीला सांगितलंत, शेजारच्या किराणावाल्यालाही माहीत होतं. मला नाही. कारण मी तुमचा वापर करीन.

आणि अक्का, महेशनं पत्रक केलंच होतं. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात. वर तुमचा फोटो, तो पिवळ्या पातळातला, आणि खाली: किरणांनी घेतला अक्कांचा बळी, आता तुमची पाळी. जिल्ह्याच्या कार्यालयात बैठक लागली होती, दोन वर्षांच्या पत्रांनंतर पहिलीच. तिथं बोलणार होतात तुम्ही. महेशचं म्हणणं होतं, अक्का नाहीत तर अक्कांचा फोटो बोलेल. "तीस वर्षं एक्स-रे, शेवटी कॅन्सर. यात खोटं काय आहे सांग. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

दोन्ही खऱ्या आहेत. म्हणून तर मी लगेच 'नाही' म्हणू शकले नाही. दोन दिवस तो मजकूर माझ्या मोबाइलमध्ये होता. मग भावजयीकडून तुमची फाईल आणली. दर तीन महिन्यांचा एक, असे तीस वर्षांचे कागद, तारखेनं लावलेले. मी सगळे वाचले. एकही आकडा मर्यादेबाहेर नव्हता. तुम्हाला झालेला कॅन्सर किरणांमुळं झाला की नाही हे त्या कागदांवरून ठरत नाही. मी तुमच्या डॉक्टरांना भेटले, त्यांनाही ठरवता येत नाही. मर्यादेच्या आत म्हणजे शून्य नव्हे, एवढं ते म्हणाले. मी महेशला सांगितलं, पत्रक छापायचं नाही. तो म्हणाला, बैठक हातची घालवशील. मी म्हटलं, बघू.

बैठक काल झाली.

सुरुवातच वाईट झाली. तुमच्या माहेरचे सरपंच आले होते. मी उभी राहिल्यावर ते बैठक घेणाऱ्या साहेबांना म्हणाले, "साहेब, हिचं ऐकायच्या आधी एक विचारा. आमची विहीर भर दुष्काळात कुनी बंद पाडली व्हती?" सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मी. माझ्या पत्रकानं. गाडीत कारखान्याचं मशीन होतं आणि मी विचारलं नव्हतं." मागच्या रांगेतून हसल्याचा आवाज आला. कोपऱ्यातल्या वार्ताहरानं वही मिटली. मला वाटलं, संपलं.

मग साहेब फाईल चाळत म्हणाले, "त्या तुमच्या दुसऱ्या बाई येणार होत्या ना? एक्स-रेवाल्या?"

मी सांगितलं की तुम्ही गेलात. त्यांनी पेन खाली ठेवलं. खरंच वाईट वाटलं त्यांना, खोटं सांगणार नाही. "कशानं?" म्हणाले. मी म्हटलं, कॅन्सरनं.  वार्ताहराची वही पुन्हा उघडली. सरपंचांनी टोपी काढली. आणि साहेबांनी हलक्या आवाजात विचारलं, "त्या कामामुळंच का?"

महेशनं टेबलाखालून मला पाय मारला. अक्का, पूर्ण खोली माझ्यासाठी तयार होती. तीन मागण्या राहू दे, त्या क्षणी मी तीस मागितल्या असत्या तरी कुणी नाही म्हटलं नसतं. मला फक्त मान हलवायची होती. बोलायचीही गरज नव्हती.

मी म्हटलं, "माहीत नाही, साहेब. डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण त्यांना कामावर किती किरण लागले ते माहीत आहे." आणि तुमची फाईल त्यांच्यापुढं ठेवली. "हे आकडे त्यांनी लिहिलेले नाहीत, त्यांच्या दवाखान्यानंही लिहिलेले नाहीत. तिसऱ्यानं मोजलेत, आणि कागद त्यांच्या हातात दिलाय. एक्स-रे काढणाऱ्या एका बाईसाठी एवढी सोय आहे. रस्त्याकडेच्या गावासाठी काय आहे, तेवढंच आम्ही विचारतोय."

साहेबांनी फाईल उघडली. पाच-सहा कागद उलटले. "सगळं मर्यादेत आहे," म्हणाले, जरा सुटका झाल्यासारखे. वार्ताहर उठून गेला. मर्यादेत असलेल्याची बातमी होत नाही.

तीनपैकी एक मागणी त्यांनी मान्य केली. असल्या गाडीला अपघात झाला तर काय करायचं याची माहिती मराठीत लिहून हायवेलगतच्या ग्रामसभांत वाचली जाईल. बाकीच्या दोन, मोजणारा वेगळा असावा आणि कागद गावाला दाखवावा, या त्यांच्या हातात नाहीत, वर कळवतो म्हणाले. वर म्हणजे कुठं, ते मी विचारलं आणि लिहून घेतलं. सरपंच जिन्यात भेटले. म्हणाले, "वाचायला तूच ये आमच्यात. तुला शिव्या द्यायच्या राहिल्यात बायकांच्या." जाईन.

महेश पार्किंगपर्यंत माझ्या पुढं पुढं चालला. मग म्हणाला, "एक शब्द. एक शब्द बोलली असतीस तर तिन्ही मान्य झाल्या असत्या." त्याचंही खरं आहे. झालं असतं. ज्या गावांना त्या दोन मागण्यांचा उपयोग होता त्यांना मी काय सांगू, की अक्कांना आवडलं नसतं म्हणून?

आणि तेही खरं नाही. तुम्हाला आवडणार नाही म्हणून मी 'हो' म्हणायचं टाळलं, असं नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मला तुमची शिकवण वगैरे काही आठवली नाही. मला भावजयीचं वाक्य आठवलं. पाच महिने तुम्ही माझ्याबद्दल ती खात्री बाळगून होतात, आणि ती घेऊनच गेलात, आणि मला वाटलं, नाही, हे मी होऊ देणार नाही. निव्वळ रागानं मी मान हलवली नाही.

तुमचा अंदाज चुकला, अक्का. मला सांगायला हवं होतं तुम्ही.